पलंगामागची भिंत

आमच्या सुतारकामात एक गोष्ट अगदी सुरुवातीला शिकवतात. छपराखाली खोली काढताना थंडी-ऊन अडवायला भिंतीत काचेची लोकर भरली, की तिच्यावर खोलीच्या बाजूनं प्लास्टिकचा कागद लावायचा, तोही अखंड, आणि मगच बोर्ड ठोकायचे. नाहीतर माणसाच्या श्वासातली दमट हवा लोकरीत शिरते, थंडीत तिचं पाणी होतं आणि भिंत आतून कुजते. वीस वर्षं मी हे लोकांना पढवत आलोय. आणि माझ्याच घरात, ताईच्या उशामागची चार हात भिंत मी कागदाशिवाय बंद केली.

ताई माझी थोरली बहीण. भाड्याची खोली सोडावी लागली तेव्हा दोन बॅगा घेऊन ती आमच्याकडे आली आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागली. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. पण ती आठ वाजता आडवी व्हायची आणि आम्ही नवराबायको आपल्याच घरात चोरपावलांनी फिरायचो. तीन महिन्यांत मी मेटाकुटीला आलो आणि माळ्यावर खोली काढायला घेतली. भाऊ असावा तर असा, असं शेजारीपाजारी म्हणाले. मीही ते गोड मानून घेतलं. खरं सांगायचं तर मला माझा सोफा परत हवा होता.

घर जुनं. वासे वाकडे, एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. त्यामुळे माझा अंदाज चुकला आणि रविवारी दुपारी शेवटच्या भिंतीपाशी कागद संपला. दुकान बंद. बोर्ड मात्र कापून तयार होते. "एवढ्याशानं काय होतंय," असं मी मोठ्यानं म्हणालो. माळ्यावर ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणालो. आणि बोर्ड ठोकून टाकला.

थंडी पडली तसा ताईला खोकला लागला. जाता जाईना. जिन्यावरून त्याचा आवाज खाली यायचा आणि माझा घास तोंडातच फिरायचा. बायको म्हणाली, "वर ओल तर धरली नाही ना?"

"नवीकोरी खोली आहे ती," मी तिच्यावरच खेकसलो. मग खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या घेऊन आलो. तेवढ्यानं पाप थोडंच धुतलं जातं.

दवाखान्यातही मीच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "झोपायच्या खोलीत ओल, बुरशी वगैरे आहे का?" ताई खाली मान घालून बसली होती. तिच्या वतीनं मीच बोललो, "छे हो, मी स्वतः बांधलीय ती खोली. हाच धंदा आहे माझा."

"मग प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी औषध लिहून दिलं. चोर तो चोर, वर शिरजोर. घरी येताना ताईनं माझा हात धरला होता, आणि तो सोडवून घ्यावा असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरायला गेल्यावर मी वर गेलो. खिडकी सताड उघडी, खोली गारठलेली. काळे डाग बघायची तयारी ठेवूनच पलंग पुढे ओढला. भिंत पांढरीशुभ्र होती. सुटलो, असं वाटलं. मग लक्षात आलं, हा पांढरा रंग मी दिलेला नव्हे. ब्रशचे फराटे दिसत होते, एकावर एक हात मारलेले. पलंगाखाली रंगाचा छोटा डबा होता आणि एक ओला टॉवेल. अंगठ्यानं दाबलं तर बोर्ड मऊ लागला.

"सांगणारच होते रे तुला," मागून ताई म्हणाली. फिरून आली होती ती, धाप लागलेली. "माझंच चुकलं. आधी मी इथे कपडे वाळत घालायचे ना, त्यानं ओल आली. आता नाही घालत. रोज पुसते आणि खिडकी उघडी ठेवून झोपते. तू एवढ्या हौसेनं बांधलीस आणि मी एका हिवाळ्यात तिची वाट लावली."

"काल डॉक्टरांपुढे बोलली का नाहीस?"

"तू इतक्या अभिमानानं सांगत होतास. तुला खोटं कसं पाडू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पलंगाच्या कडेवर बसलो. "ताई, तू काही केलेलं नाहीस. या भिंतीत आतून प्लास्टिकचा कागद लागतो. तो कमी पडला होता. बोर्ड ठोकताना मला माहीत होतं."

ती भिंतीकडे बघत राहिली. खोकला आला, तो तिनं पदरात दाबला. हेही ती मला ऐकू जाऊ नये म्हणून करत असणार, हे मला तेव्हा कळलं.

"आणायचा ना मग," ती म्हणाली.

"रविवार होता. दुकान बंद होतं."

"सोमवारी उघडलं असेल की."

"उघडलं होतं."

ती माझ्या शेजारी बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. शाळेतल्या मुलाचं गणित तपासावं तसं तिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे मी सोफ्यावर अजून एक रात्र झोपले असते, एवढंच ना?"

"हो," मी म्हणालो.