वायंडिंगवाल्याने घासून टाकलेला तडा

मित्रांनो, माझं वरचं पातं तडकलं होतं, आणि ते कुणामुळं, हे माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस गप्प बसला होता. माझी गोष्ट एवढीच आहे. बाकीचं सांगतो ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

मी एक जुनं कंपाउंड धनुष्य आहे. मधे धातूची मूठ, वर आणि खाली वाकणारी दोन पाती, पात्यांच्या टोकांना चाकं, आणि चाकांवरून फिरणारी दोरी. दोरी ओढली की पाती वाकतात आणि सगळी ताकद पोटात साठवून धरतात. बाण सुटला की ती ताकद बाणाबरोबर निघून जाते. हे लक्षात ठेवा, कारण मोठ्या माणसांच्या ते लक्षात राहत नाही.

कारखान्यात काचेच्या धाग्याचे थर डिंकात भिजवून दाबले आणि माझी पाती घडवली. शंभर पात्यांमधून सारखी वाकणारी दोन शोधून त्यांची जोडी लावली. एक गेलं तर दुसरं कुठलंही आणून बसवता येत नाही. तसं केलं तर धनुष्य एका अंगाला पिळतं आणि बाण भलतीकडे जातो.

माझी पहिली मालकीण एक परिचारिका होती. सहा वर्षं तिनं मला उन्हात कधी ठेवलं नाही. मला पदकं मिळाली, म्हणजे तिला मिळाली, पण फोटोत मी असायचो. मग तिचा खांदा दुखावला आणि मी चार वर्षं कपाटावर पेटीत पडून राहिलो. धूळ बसली, एका कोळ्यानं माझ्या चाकात संसार थाटला. कुणी विचारलं नाही. त्याचंही मला एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं पुढं आलेल्या नऊ दिवसांत वाटलं.

शेवटी तिनं पेटी विकली, आणि पेटीतून मला बाहेर काढलं ते मुंगीनं. मुंगी हे तिचं घरातलं नाव. अंगानं किडकिडीत, पण आपल्या वजनापेक्षा जास्त ओढणार, म्हणून मुंगी. वय सोळा. तिचे वडील मोटारी वाइंड करायचे, म्हणून सगळे त्यांना वायंडिंगवाला म्हणायचे. जळलेला पंप असो, मिक्सर असो, ते उघडायचे, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचे, वर वॉर्निश ओतायचे, बल्बखाली वाळवायचे आणि मोटार पुन्हा फिरायला लागायची. मोटारीच्या पोटावर पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मुंगीची आई म्हणायची, "सगळ्या जगाचं दुरुस्त करतात, फक्त स्वतःची चूक असली की यांना हत्यार सापडत नाही." ते हसण्यावारी न्यायचे.

दोन वर्षं मुंगी माझ्यासोबत घाम गाळत होती. पुढं निवड चाचणी होती. पहिल्या चार जणांना क्रीडा वसतिगृहात जागा, प्रशिक्षक, सगळं मिळणार होतं. मुंगीचा नंबर तिसऱ्या-चौथ्यात येईल असं सगळे धरून चालले होते.

चाचणीला बारा दिवस उरले असताना ती मला वडिलांच्या दुकानात ठेवून शाळेत गेली. दुपारी एक गिऱ्हाईक पंप न्यायला आलं. मला पाहून म्हणालं, पोरीला झेपतं म्हणजे तुम्हाला काय जड जाणार. एवढंच पुरलं. वायंडिंगवाल्यानं मला उचललं, बाण न लावता दोरी ओढली आणि बोटांतून ती निसटली.

मित्रांनो, बाण नसताना दोरी सुटली तर ती सगळी ताकद जायची कुठं? ती माझ्यातच फुटली. वरच्या पात्याच्या कडेला केसाएवढा तडा गेला आणि तिथून काचेचा एक बारीक तंतू उभा राहिला. गिऱ्हाईक हसलं, पंप घेऊन गेलं. वायंडिंगवाल्यानं मला फडक्यानं पुसलं आणि पेटीत ठेवलं. हातून चूक झाली, ठीक आहे. चूक कुणाच्याही हातून होते. पण संध्याकाळी मुंगी आली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. इथून मला राग येतो.

दुसऱ्या दिवसापासून बाण वर जायला लागले. तिसऱ्या दिवशी मुंगी मला कापूसमामांकडे घेऊन गेली, सोबत वडील होते. कापूसमामा धनुष्यं दुरुस्त करायचे. सदऱ्याच्या खिशात कायम कापसाचा बोळा. नवी पोरं विचारायची, मामा कान फुटलाय का? मामा म्हणायचे, तुझं धनुष्य फुटलं की सांगतो. पात्यावरून ते कापूस हळूच फिरवायचे. तडा डोळ्याला दिसत नाही, पण उभा तंतू कापूस पकडून ठेवतो.

मामांनी कापूस फिरवला आणि मी जीव खाऊन तो धरला. धनुष्याला बोलायची दुसरी सोय नसते. पांढरा पुंजका माझ्या कडेला लटकत राहिला. मामांनी चष्मा वर केला.

"रिकामी दोरी कोणी सोडली?"

वायंडिंगवाल्यानं मुंगीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मग मामाही तिच्याकडं पाहायला लागले. मुंगीनं एकदा मैत्रिणीला मला हातात धरू दिलं होतं. तिला वाटलं, तेव्हाच झालं असेल. तिनं मान खाली घातली. मामा तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की याची दोरी आता ओढायची नाही. ओढलीस आणि पातं फुटलं तर ते तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर फुटेल. कंपनीनं ही जोडी बनवणं कधीच बंद केलंय. जुनी कुठं मिळते का पाहतो, दोन-तीन महिने लागतील. मग ते बाहेरगावी मुलीकडं गेले.

नऊ दिवस उरले होते. दुसऱ्याचं धनुष्य घेऊन चाचणी देणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं. मुंगी घरी येऊन जेवली नाही. वडील म्हणाले, "मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. फटीत पातळ डिंक सोडला. बारीक पॉलिश कागद घेतला आणि तो उभा तंतू घासून टाकला. मी सगळं पाहत होतो, ओरडत होतो, ऐकायला कोण होतं? माझी जीभच घासली जात होती. वर मोटारीचं वॉर्निश फासलं, बल्बखाली वाळवलं. मग स्वतःच कापूस आणून फिरवला. कापूस सरळ निसटून गेला. वायंडिंगवाला स्वतःशी हसला. त्यांना खरंच वाटलं की त्यांनी मला बरं केलं. तारेचं वेटोळं वॉर्निशनं घट्ट होतं, म्हणून वाकणारं पातंही होईल, असा त्यांचा हिशेब. मुंगीला त्यांनी सांगितलं की मामांना फोन केला होता, मामा म्हणाले आता चालेल.

मुंगीनं मला छातीशी धरलं. त्या क्षणी मला कुणी भट्टीत टाकलं असतं तर मी आनंदानं वितळलो असतो.

ती रोज वीस बाण मारायची. जास्त मारू नको, असं वडीलच सांगायचे, आणि जी वस्तू मनापासून ठीक वाटते तिच्याबद्दल माणूस असं सांगत नाही. दर दिवशी तडा आत तांदळाच्या दाण्याएवढा सरकायचा. मी मोजत होतो. देव असेल तर पेटी चोरीला जाऊ दे, असं म्हणत होतो. पेटी चोरीला गेली नाही.

चाचणीच्या सकाळी पंचांनी सगळ्यांची धनुष्यं तपासली. त्यांच्याही हातात कापूस होता. वरच्या पात्यावरून तो फिरला, मी धरायला गेलो आणि माझ्याकडं धरायला काही नव्हतं. पंचांनी मुंगीला मान हलवून पुढं जायला सांगितलं.

पहिल्या फेरीचे सहा बाण गेले. दुसऱ्या फेरीचे सहा गेले. मुंगी तिसऱ्या नंबरवर होती. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या बाणाला मी आतून टचकलो. बारीक आवाज, जणू कुणी काडी मोडली. मुंगीला वाटलं तिचा खांदा वाजला. पण दोरखंडामागं उभ्या असलेल्या वायंडिंगवाल्याला काही वेगळं वाटलं. जन्मभर बिघाड ऐकून ज्याचं पोट भरलं, त्याला तो आवाज कळला. मी पाहिलं. त्यांनी शेजारच्यांकडं बघितलं, कुणाच्या लक्षात आलं का म्हणून. दुसऱ्या बाणाला मी पुन्हा टचकलो. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

बोला, मी म्हणत होतो. बोला हो. चार माणसांत मान खाली जाईल, जाऊ दे. पोरीचा डोळा आहे हा.

मुंगीनं तिसऱ्या बाणाला दोरी गालापर्यंत ओढली. आता माझं पातं तिच्या कपाळासमोर होतं.

"हलू नको."

आवाज मोठा नव्हता. जिवंत तारेला हात लागलेल्या माणसाला सांगतात तसा हळू आणि स्पष्ट. वायंडिंगवाला दोरखंडाखालून वाकून आत आला. पंचांनी शिट्टी वाजवली, तरी तो थांबला नाही.

"बाण सोडू नको. पातं तडकलंय. मी घासून लपवलंय ते."

मुंगीनं दोरी धरून ठेवली. वडील तिच्या शेजारी आले आणि माझं वरचं पातं आणि तिचा चेहरा यांच्यामधे त्यांनी स्वतःचा डावा हात आडवा घातला. "आता सावकाश पुढं ने. सावकाश, बाळा."

पूर्ण ओढलेलं कंपाउंड धनुष्य हलकं वाटतं. परत नेताना मधेच सगळं वजन एकदम हातावर येतं. ते वजन आलं आणि मला धरवलं नाही. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. मी फुटलो.

दोरी मुंगीच्या कोपराखाली फटकारली आणि काळानिळा वळ उठला. चेहऱ्याला ओरखडाही नाही. काचेचे तंतू सगळे वडिलांच्या हातात गेले, मनगटापासून कोपरापर्यंत.

नियमाप्रमाणे तिला दुसऱ्या धनुष्यासाठी वेळ दिला. दुसरं धनुष्य नव्हतं. तिचं नाव यादीतून खोडलं गेलं. ती मैदानाच्या कडेला बाकावर वडिलांशेजारी बसली. प्रथमोपचारवाला चिमट्यानं एकेक तंतू ओढून वाटीत टाकत होता. मी दोन तुकड्यांत त्यांच्या पायाशी पडलो होतो. तिनं वाटीतले तंतू पाहिले. मग म्हणाली, "रिकामी दोरी तुम्हीच सोडली होती ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग त्या दिवशी मामांसमोर माझ्याकडं का बघितलंत?"

वायंडिंगवाला हातातल्या काचांकडं पाहत राहिला. मग खरं बोलला. मी त्याला तेवढ्यापुरतं माफ केलं.

"पोरांच्या नावावर चूक खपते," तो म्हणाला. "म्हणून."

मुंगी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मित्रांनो, मी आता दुरुस्त होणार नाही, आणि मला तशी हौसही नाही. वस्तू जपा, उन्हात ठेवू नका, रिकामी दोरी सोडू नका, हे तुम्हाला कुणीही शिकवेल. मी वेगळं सांगतो. तुमच्या हातून काही तडकलं तर त्याच दिवशी सांगा, ओरडा बसला तरी सांगा. आणि जे तुम्ही तडकवलंच नाही, ते कुणी नुसत्या नजरेनं तुमच्या नावावर टाकत असेल, तर मान खाली घालू नका. मग तो बाप असो, मास्तर असो, कुणीही असो. विचारा, का बघताय माझ्याकडं? त्याच दिवशी विचारा. मुंगीनं विचारलं, पण नऊ दिवस उशिरा.