गुळण्या करणारी टाकी

सासऱ्यांच्या कानात यंत्र बसलं त्या दिवशी सूनबाईने मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा घेतली. चाळीस वर्षं छापखान्यातल्या मशिनींच्या धडधडाटात काढल्याने सासऱ्यांचे कान पार कामातून गेले होते. "दूध संपलंय" म्हटलं की "कोण आलंय?" म्हणत ते दार उघडायला जायचे. घरातलं साधं बोलणंही बाहेर भांडणासारखं ऐकू जायचं. एकदा तर शेजारीण मध्यस्थी करायला येऊन गेली होती.

दवाखान्यातून आल्यावर ते बाहेरच्या खोलीत खुर्चीत टेकले आणि मिनिटभरात त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आत कोण गुळण्या करतंय?"

"कोणी नाही, बाबा."

"कोणी नाही कसं? केव्हाचा खळखळाट चाललाय!"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कोपऱ्यातली माशांची टाकी! टाकी नवऱ्याची, चांगली चार फुटी, आणि त्याचा तिच्यावर भारी जीव. वरचं पाणी एका कोपऱ्यातल्या जाळीवरून ओसंडून नळीत शिरायचं, खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत गाळून निघायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. नळीतून उतरताना मात्र पाणी हवेचे घोट घेत जायचं. गुळगुळ, गुळगुळ आणि मधूनच एक लांबलचक घुर्रर्र. नवराबायकोच्या कानांना ते इतकं सरावलं होतं, की त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.

सासऱ्यांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी यंत्र खणात गेलं. "मला आपला बहिरेपणाच बरा," ते म्हणाले.

"एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला. "डोंगरातला झरा वाहावा तसा तर आवाज आहे."

"झऱ्याला सर्दी झाली असेल, तर तसाच," सूनबाई म्हणाली.

ते त्याला लागलं असावं. त्याने स्पंजचा एक तुकडा कापला आणि नळीच्या तोंडात खोचला. आवाज बंद! स्वारी मिशांवर ताव देत चहा प्यायला आत गेली. अर्ध्या तासात स्पंज घसरून नळीत घट्ट बसला. पाण्याला उतरायला वाट नाही आणि पंप बिचारा इमानेइतबारे वर चढवतोय. टाकी काठोकाठ भरून वाहू लागली. सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते.

"अरे, पंखा जरा कमी कर," त्यांनी हाक मारली, "पाय गार पडलेत."

दोघं धावत आली. म्हाताऱ्याचे पाय घोट्यापर्यंत ओल्या गालिच्यात रुतले होते आणि सपाता टेबलाखाली पोहोचल्या होत्या. नवरा फरशी पुसायला बसला.

सूनबाई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी तिच्या हातात होती. नळी अर्धी लाळेत, अर्धी हवेत. तिचं सुर्र सुर्र चाललेलं. ती धुवायला म्हणून तिने पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि आवाज एकदम थांबला. जरा वर उचलली, घुर्र. बुडवली, गप्प. तिने तीनदा करून पाहिलं.

"काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमची टाकी दुरुस्त करतेय, डॉक्टर."

पेशंटला हसायचं होतं, पण तोंड आधीच उघडं होतं.

घरी येताच तिने पर्स न ठेवताच सुरुवात केली. "अहो, पाण्याचा आवाज नाहीच तो. हवा आणि पाणी एका नळीत घुसतात, त्यांची मारामारी आहे. नळी पाण्यानेच गच्च भरली, तर आवाज येईल कशाचा?"

"आणि भरून ठेवायची कशी?"

"खाली कॉक बसवायचा. जेवढं पाणी वर चढतं, तेवढंच खाली उतरू द्यायचं."

"आणि कचरा अडकला तर?" नवऱ्याला गालिचा आठवला.

"म्हणून दुसरी नळी लावायची, तोंड जरा उंच ठेवून. पहिली तुंबली तर पाणी तिच्यातून उतरेल."

तो टाकीकडे बघत राहिला. "मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही झरा ऐकत होतात ना."

रविवारी सकाळी नळ्या कापून, चिकटवून झाल्या. दुपारी सांधे वाळले, पंप सुरू झाला. नवरा पोटावर पालथा पडून कपाटात डोकं घालून कॉक आवळू लागला. पण आवाज गेला की राहिला, हे दोघांनाही कळेना.

सूनबाईने खणातून यंत्र काढलं आणि सासऱ्यांपुढे धरलं. "बाबा! तुमच्या कानांची गरज आहे!"

मोठ्या ऐटीत त्यांनी यंत्र चढवलं, डोळे मिटले आणि एक बोट वर धरलं.

"आवळ. अजून. अरे, जास्त झालं, दुसरी नळी बोलायला लागली! केसभर मागे. हां... आता खाली काहीतरी फुरफुरतंय."

नवऱ्याने वाकून पाहिलं. नळीचं खालचं टोक पाण्यात फार खोल बुडालं होतं, त्यामुळे आत उरलेली हवा अडकत होती. त्याने ते बोटभर कापलं.

"थांब," सासरे म्हणाले. "हात लावू नकोस आता."

खोलीत इतकं शांत झालं, की नवऱ्यालाच धास्ती वाटली. पंप बंद तर पडला नाही ना, म्हणून तो तीनदा उठून पाहून आला.

"बस रे बाबा," सासरे म्हणाले, "मासे दमले तुला बघून."

यंत्र त्यानंतर खणात गेलं नाही. संध्याकाळी सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत नेहमीसारखी गुणगुणत होती. दारात सासरे उभे.

"तू गातेस?"

ती लाजून चूर झाली. "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून रोज गायचे, बाबा."

"मग गा की. मी काय तुला कॉक लावतोय?" असं म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसले आणि टॉवेल जवळ ओढून त्याची घडी घालू लागले.