चुलीत खोट नाही

महादेवी अक्कांनी पदर सावरला, गाल फुगवले आणि चुलीचा आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवला. आधी बारीक, मग घशातून घुमत, "हूऽऽऽ".

"असं," त्या म्हणाल्या. "लाकडं धरली की सुरू. बाई रडल्यावानी."

रेवणसिद्धप्पा गवंडी चुलीपुढं उकिडवा बसला होता. दुसऱ्या कुणी बांधलेली चूल असती तर तो हसला असता. पण आवाज ऐकून त्याचे कान तापले. अक्कांनी हुबेहूब काढला होता. मडक्याच्या तोंडावरून वारा गेला की येतो तसाच.

मडकं त्यानंच ठेवलं होतं. वैशाखात, या घरच्या लग्नाला चार दिवस असताना ही दोन तोंडांची चूल बांधली, तर शेवटी भिंतीलगत कोपरा उरला. विटा संपल्या होत्या, बसवकल्याणला दुसरं काम खोळंबलं होतं. परसात पडलेलं मडकं त्यानं आडवं कोपऱ्यात सारलं, धुराच्या वाटेकडं आलेल्या त्याच्या तोंडावर मातीचा लेप दिला आणि वरून लिंपून टाकलं. लेप लग्नापुरता टिकेल, हे त्याला त्याच दिवशी माहीत होतं. राजेश्वर गावात आणि आसपास मिळून त्याच्या हातच्या पावणेदोनशे चुली. त्यातलं एक मडकं कुणाला दिसतंय.

तरी तपासणीचा थाट त्यानं सगळा केला. लाकडाचं टोक डोळ्याजवळ धरलं.

"ओलं असलं की फेस येतो, शिट्टी वाजती."

"बाभळीचं हाय. गेल्या सालचं."

मग धुराच्या नळीवर टिचकी मारून कान लावला. "पाखरानं घरटं केलं असंल वर."

"केलं असतं तर धूर घरात आला असता की," अक्का म्हणाल्या. "एवढं आम्हाला कळंना व्हय?"

अक्कांचा मुलगा नागेंद्र चौकटीला टेकून उभा होता. सकाळी तोच बोलवायला आला होता.

"अप्पा, आधी पेटवून बघू. आईसमोर. दानेश्वरी घरात नसताना."

"सून कुठं हाय?"

"करजगीला, माहेरी. आठ दिवस झाले."

"मीच म्हटलं जा," अक्का म्हणाल्या. "लग्नात आचाऱ्यांनी पाच दिवस पेटवली, गप होती. हिनं हात लावला आन् तिसऱ्या दिवसापासून रडायलीय. चार महिने ऐकलं. ती गेल्यापासून चूल पेटवलीच न्हाई, गॅसवरच्या भाकरी खायलोत."

आम्ही लिंगायत शरण, आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, असं हेच घर गावभर सांगत असे. चूल त्यात धरलेली नसावी.

चुलीच्या कडेवर विभूतीच्या तीन रेघा होत्या. रोज एकावर एक ओढून त्यांचा पोपडा झाला होता. रेवणसिद्धप्पा बघतोय हे नागेंद्रच्या लक्षात आलं.

"तिच्या हायत. अंघोळ करून ओढायची, मग पेटवायची. शेवटी शेवटी काडी ओढायच्या आधी चुलीला हात जोडायची."

रेवणसिद्धप्पानं नजर काढून घेतली. आता पेटवली तर चूल सगळ्यांसमोर घुमणार. मग कोपरा फोडा म्हणणार, आणि संध्याकाळपर्यंत मडक्याची गोष्ट साऱ्या राजेश्वरात.

"पेटवू मागनं," तो म्हणाला. "राख उडंल. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

मागच्या तोंडातून त्यानं कोपरापर्यंत हात घातला. लेप फुटला होता. दोन बोटं जातील एवढी फट. पिशवीतली माती भिजवून त्यानं त्यात भुसा आणि मीठ कालवलं, जे वैशाखातच करायला हवं होतं, आणि फट दाबून भरली. पाच मिनिटांचं काम.

दोघांना त्यानं आत बोलावलं. नागेंद्रनं लाकडं पेटवली आणि खिशातून फोन काढून दानेश्वरीचा नंबर लावला.

"ऐक," तो फोनमध्ये म्हणाला, आणि फोन चुलीकडं धरला.

बाभळीनं पेट घेतला. जाळ मागच्या तोंडापर्यंत पोचला, नळी तापली. चूल गप. नागेंद्रनं फोन आणखी जवळ नेला, हाताला झळ बसेपर्यंत.

"काय सापडलं, अप्पा?"

"काही न्हाई. राख झाडली." आणि सवयीनं, पावणेदोनशे चुलींच्या इभ्रतीनं, तो पुढं बोलून गेला, "चुलीत खोट न्हाई."

अक्का जाळाकडं बघत राहिल्या. त्यांना आनंद झाला होता असंही नाही.

"चूल तीच, लाकूड तेच," त्या हळू म्हणाल्या. "माणूस तेवढं एक कमी हाय घरात."

"आई, फोन चालू हाय."

"मी कुठं काय म्हणले? गवंडी म्हणला."

पलीकडून फोन बंद झाला. नागेंद्र काळ्या पडलेल्या काचेकडं बघत उभा राहिला.

अक्कांनी चुलीवर चहा ठेवला. आठ दिवसांनी ठेवत होत्या, म्हणून आलं जरा जास्तच घातलं. पहिला कप त्यांनी रेवणसिद्धप्पापुढं सरकवला. त्यानं तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. पिशवीतून सळई काढली, मागच्या तोंडातून आत घातली आणि चाचपत दोनदा ढोसली. ओल्या मातीचा गोळा आत कुठंतरी पडला.

"हूऽऽऽ," चूल म्हणाली.

अक्कांचा हात गाळणीवरच थांबला.

"कामून?" त्या म्हणाल्या. "खोट न्हाई म्हणलास की."

"चुलीत न्हाई अक्का, माझ्यात हाय. कोपऱ्यात मडकं घातलंय मी. विटा संपल्या होत्या. त्याच्या तोंडावरून वारा गेला की घुमतंय ते. पोरीचा काही संबंध न्हाई."

अक्कांचे डोळे विभूतीच्या रेघांवर गेले तसे त्यांनी ते पदरानं पुसले, धूर नव्हता.

"जाळ काढा, मी कोपरा फोडतो," असं म्हणत रेवणसिद्धप्पा उठायला लागला. नागेंद्रनं त्याला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. त्यानं पुन्हा नंबर लावला होता.

"मला सांगून काय होतंय, अप्पा? तिला सांगा."

मातीनं भरलेला हात धोतराला पुसून रेवणसिद्धप्पानं फोन घेतला. पलीकडं रिंग जात होती. मागं चूल घुमतच होती. पाचव्या रिंगला दानेश्वरीनं फोन उचलला, आणि ती घुमणारी चूल ऐकत राहिली.