आर्डिथसाठी मांडलेल्या खुर्च्या

आर्डिथच्या जेवणाला एकतीस माणसं आली. ट्विलाने चिकन तळलं होतं चारशे जणांचं.

त्या एकतिसांत पास्टर आणि त्यांची बायको धरायचे, म्हणजे ज्यांना यावंच लागतं ते. ट्विलाच्या सासरचे नऊजण. लायब्ररीतल्या दोन म्हाताऱ्या. आणि एक परगावचं जोडपं, ज्यांना वाटलं इथे हॉटेल आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि वर बक्षिशी ठेवली.

हॅलर्स फेरी या गावात कुणाला मोठं दुखणं लागलं की फायर हॉलमध्ये मदतजेवण ठरलेलं. दहा डॉलरचं तिकीट. ताटात तळलेलं चिकन, कुस्करलेले बटाटे, शेंगा आणि गोडाला ॲपल-पायचा एक तुकडा. जमेल ते सगळं थेट हॉस्पिटलात. बावीस वर्षं त्या स्वयंपाकघराची मालकीण ट्विला. लग्नाच्या पंगतींपेक्षा दुखण्यांच्या पंगती तिने जास्त वाढल्या होत्या, आणि तिला त्याचा अभिमान होता. "आम्ही सांभाळतो आमच्या माणसांना," असं ती बाहेरच्यांना छाती काढून सांगायची. सक्तीचा विमा, सरकारी दवाखाने असली भानगड वॉशिंग्टनने आमच्या गळ्यात मारू नये, हे त्या उन्हाळ्यात सगळ्या गावाचं मत होतं, तसंच तिचंही.

आर्डिथ तिची धाकटी बहीण. चौपन्न वर्षांची, बिनलग्नाची, जिभेला हाड नसलेली. तिच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. पानगळीच्या आत बदला, असं डॉक्टर म्हणाले होते. काचेच्या कारखान्यात ती तयार पेले तपासायची. जानेवारीत कारखाना बंद पडला आणि नोकरीबरोबर नोकरीचा विमाही गेला. स्वतःच्या खिशातून विमा घ्यायला गेली, तर दोन्ही कंपन्यांनी एकच उत्तर दिलं: आजार आधीचा आहे, जमणार नाही. हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या मुलीने तर फारच प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, तुम्ही कोसळून आलात तर कायद्याने आम्हाला आत घ्यावंच लागतं. पण चालत आलात तर बारा हजार आगाऊ."

"म्हणजे आडवी येऊ?" आर्डिथने विचारलं होतं.

ती आडवी आली असती तर पुन्हा उभी राहायची खात्री डॉक्टरांना नव्हती. म्हणून हे जेवण. आणि जेवणातून जे जमलं, ते बारा हजारांच्या पासंगालाही पुरलं नाही.

उरलेलं चिकन बांधायला मर्ल कटलिप आत आला. तो फायर ब्रिगेडचा कॅप्टन, हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे. दिवसभर तो मान खाली घालूनच वावरत होता.

"लोक गवतकापणीत अडकलेत, ट्विला. ऑगस्ट आहे."

"मागच्या ऑगस्टला लॉवेलच्या पोरासाठी रांग पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. त्या वर्षी गवत उगवलं नव्हतं का?"

"पोर होतं ते. भाजलेलं. पोराची गोष्ट वेगळी."

"आणि आर्डिथची काय गोष्ट?"

मर्लने डब्यावर झाकण दाबलं, परत काढलं, परत दाबलं. "तुझी बहीण आहे म्हणून आजवर बोललो नाही. अठरा वर्षं मी भट्टीवर काच फुंकून पेले घडवले. दिवसाला सात-आठ पेले ती उजेडात धरायची आणि कचऱ्याच्या पेटीत फोडायची. आम्हाला नगावर पैसे होते, ट्विला. माझ्या पोरांचे बूट फोडले तिने."

"नियम कारखान्याचा होता."

"हात तिचा होता. आणि दोष काय? तर बुडबुडा! मोहरीएवढा. ती बाई देवाच्या डोळ्यातसुद्धा बुडबुडा शोधील."

"मी ऐकतेय रे," कोपऱ्यातल्या स्टुलावरून आर्डिथ म्हणाली. "देवाचा डोळा अजून माझ्या टेबलावर आला नाही. आला की कळवीन."

मर्ल लाल झाला आणि डबे घेऊन गेला. ट्विलाला दोघांच्याही मुस्कटात द्यावीशी वाटली. गावाने काही वाईट केलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी तिकीट नाकारलं नाही. फक्त आले नाहीत.

पाच दिवसांनी, गुरुवारी, त्याच हॉलमध्ये खासदारांची सभा होती. आरोग्याचं नवं विधेयक समजावून सांगायला ते गावोगाव हिंडत होते, आणि गावोगाव शिव्या खात होते. कॉफी करायला अर्थात ट्विला. आर्डिथही आली. घरी एकटीला धाप लागली की भीती वाटायची, पण हे ती बोलली नाही. "तमाशा फुकट आहे," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली.

ट्विलाने वाढायच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तिचा हात थांबला. चारशे खुर्च्या, एक रिकामी नाही. भिंतींना टेकून माणसं, दारात माणसं, पायरीवर माणसं. गवत कापणारे सगळे आले होते. लॉवेल आला होता. नेड्रा कोगर नवऱ्याला घेऊन आली होती. हातांत लाल रंगाने लिहिलेल्या पाट्या: आमच्या अंगाला सरकारी हात लावू नका.

खासदार तरुण होता, घामाघूम. दोन वाक्यं बोलला की तिसरं आरडाओरड्यात बुडायचं. मर्लने माइक घेतला.

"साहेब, माझा पोरगा चोवीस वर्षांचा. बैलासारखा धडधाकट. त्याने विमा घेतला नाही तर तुम्ही त्याला दंड करणार? दुखत नाही म्हणून दंड? आज विम्याची सक्ती, उद्या काय, कोबी खायची?"

हॉल खदखदून हसला. नेड्रा खुर्चीवर उभी राहून ओरडली, "सरकारी डॉक्टर म्हणजे पोस्टातली रांग! तिकडे साधं पाकीट वेळेवर जात नाही!"

"पण ज्यांना कुणी विमाच देत नाही," खासदार कागद सावरत म्हणाला, "अशांचं काय करायचं?"

"आम्ही सांभाळतो आमच्या माणसांना!" मर्ल गरजला. "बावीस वर्षं सांभाळतोय! याच हॉलमध्ये! विचारा कुणालाही!"

टाळ्यांनी पत्रे हलले. ट्विलाचंच वाक्य ते. शब्दन् शब्द तिचा. स्वतःच्या हाताने शिवलेला कपडा चोराच्या अंगावर दिसावा, तसं तिला झालं. हातातली कॉफीची किटली तशीच घेऊन ती बाहेर आली, मधल्या वाटेने सरळ माइकपर्यंत.

"कुणालाही विचारा म्हणालास ना, मर्ल? मला विचार."

"ट्विला, नंतर..."

"आत्ता विचार. बरं, मीच सांगते. नेड्रा, खाली उतर, खुर्ची मोडेल. तुझ्या नवऱ्याच्या मूत्रपिंडासाठी मी एकशे साठ कोंबड्या तळल्या. लॉवेल, तुझा पोरगा भाजला तेव्हा माझी बोटं सोलली बटाट्यांनी. मर्ल, तुझ्या आईच्या कंबरेसाठी याच लोकांनी तीन वेळा जेवून घेतलं, तिसऱ्यांदा तर ॲपल-पायही संपला. तुमचं कुणाचं काय फाटलं, काय सडलं, काय कापलं, मला पाठ आहे, कारण त्या प्रत्येकाचा मसाला माझ्या नखांत आहे. आणि गेल्या शनिवारी माझी बहीण इथे बसली होती. झडप तिचीही फाटलीच आहे. चारशे खुर्च्या मांडल्या होत्या मी. कुठे होतात? कुठे होतात रे सगळे? ओरडायला वेळ आहे, खायला नव्हता?"

कुणीतरी खोकलं. ट्विलाचा आवाज फाटला होता, पण थांबत नव्हता. "आवडता माणूस असेल तर जगवायचा, नावडता असेल तर गवत कापायचं. याला सांभाळणं म्हणतात? शाळेतली पोरंसुद्धा खेळात भिडू यापेक्षा बरा निवडतात!"

हातांतल्या पाट्या एकेक करून खाली आल्या. ट्विलाला वाटलं, बसला. घाव वर्मी बसला.

मर्लने डोळे पुसले. खरेच पुसले, नाटक नव्हतं ते. मग त्याने माइक तोंडाजवळ घेतला. "चुकलं आमचं. ट्विला बोलली ते खरं. या शनिवारी आर्डिथचं जेवण पुन्हा होणार, आणि यातली एक खुर्ची रिकामी दिसली तर मी किल्ल्या नदीत फेकीन. आणि साहेब, वॉशिंग्टनला जाऊन सांगा, हे बघून आलो म्हणावं! आमच्यात कुणी चुकलं तर आम्ही आमचं आम्ही सुधारतो! कुणाच्या कायद्याची गरज नाही!"

हॉल उठून उभा राहिला. पाट्या वर गेल्या. लोक रडत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. खासदारही टाळ्या वाजवू लागला. बिचारा दुसरं करणार काय? ट्विला मधोमध किटली धरून उभी. तिने भिरकावलेल्या दगडाला त्यांनी शेंदूर फासला होता.

स्वयंपाकघरात आर्डिथ पांढरीफटक पडून बसली होती.

"माझ्या झडपेची दवंडी पिटायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"मी नाही रांधणार शनिवारी." ट्विलाने किटली ओट्यावर आपटली. "ऐकलंस ना? आपलं दुखणं घेऊन त्यांनी आपल्याच तोंडावर मारलं. मेले तरी नाही रांधणार."

"रांधशील."

"नाही."

"तुला राग परवडतो, ट्विला. तुझ्या नवऱ्याचा रेल्वेचा विमा आहे." आर्डिथ श्वास घ्यायला थांबली. "मला बारा हजार पाहिजेत. माझा राग मी नंतर करीन, झडप बसली की."

ट्विला किटली विसळायला लागली. आर्डिथ जरा हळू म्हणाली, "तीस वर्षं मी पेला उजेडात धरला. कुणी फुंकलाय ते बघितलं नाही, मुद्दाम. नाव लिहिलेली चिठ्ठी उलटी करून ठेवायचे. मला तसं कुणीतरी बघायला हवं होतं गं. झडप फाटलीय की नाही, एवढंच. मी हप्ता भरला असता. दंड म्हणाले असते तर दंड भरला असता, शिव्या देत भरला असता. पण मला न ओळखणाऱ्या कारकुनाला. त्याला मी आवडायची गरज नाही, आणि मला त्याच्याशी गोड बोलायची."

शनिवारी रांग पेट्रोल पंपाच्याही पुढे गेली. दुखणाईत माणसाने दाराशी उभं राहून येणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, ही रीत. आर्डिथ चर्चला जायचा निळा झगा घालून उभी राहिली. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढत होता. ट्विला कढईपाशी, खिडकीतून दार दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

दहा डॉलरमध्ये चिकन मिळत होतं. त्यावर थोडं काहीतरी प्रत्येकाला आर्डिथकडून हवं होतं. "राग नाही ना आमच्यावर?" नाही गं. "चर्चमध्ये दिसत जा हं आता." दिसेन. "हसलीस की किती बरी दिसतेस!" आर्डिथ पुन्हा हसली.

मर्लने तिचा हात सोडलाच नाही. "एकदा सांगून टाक, आर्डिथ. ते पेले. इतके काही वाईट नव्हते ना?"

ट्विलाच्या हातातला चिमटा थांबला.

"नव्हते रे, मर्ल," आर्डिथ म्हणाली. "चांगले होते. मीच फार बारीक बघायचे."

"ऐकलंत?" मर्लने मागे वळून आरोळी दिली. "कबूल केलं!" रांगेने टाळ्या वाजवल्या. त्याने तिला मिठी मारली आणि खिशातून शंभराची नोट काढली. मनापासून दिली. तेच तर ट्विलाला सहन होईना.

थोड्या वेळाने आर्डिथ पाणी प्यायला आत आली. ओठ निळसर झाले होते. तिने भिंतीला हात टेकला.

"वाईट होते ते पेले," ट्विला दातओठ खात म्हणाली.

"अर्थात वाईट होते. त्याची फुंकर डावीकडे जायची. सगळ्या कारखान्याला माहीत होतं." आर्डिथ घोटभर पाणी प्यायली. "अजून किती राहिलेत?"

"दोनशेच्या वर. बस जरा. मी सांगते त्यांना, बरं वाटत नाहीये म्हणून."

"बसले तर रांग आत येते आणि जेवून जाते. उभी राहिले की पाकीट दुसऱ्यांदा उघडतं. बघितलंय मी आत्ता." तिने ग्लास उपडा ठेवला, झगा सारखा केला. "लॉवेल यायचाय. त्याची माफी कशाबद्दल मागायची, ते आठवतंय का तुला? मला काही केल्या आठवत नाहीये."

"कशाचीच नाही!"

"मग काहीतरी जोडते," आर्डिथ म्हणाली आणि गेली.

ट्विलाला वाटलं, कढईच उलथावी त्या रांगेवर. निदान ही खेप करपू द्यावी, काळी ठिक्कर, कडू जहर, आणि तशीच वाढावी एकेकाच्या ताटात. तेल धुमसायला लागलं होतं. पण करपलेल्या चिकनवर माणसं दुसऱ्यांदा पाकीट उघडत नाहीत, आणि दाराशी आर्डिथ कुणाला तरी म्हणत होती, "चुकलंच माझं."

ट्विलाने आच कमी केली.