घाम फुटल्यावर घ्यायचं तीर्थ

भरे या गावामागच्या टेकडीवर त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे स्मृतिनाथ महाराज, मागे झऱ्याचं कुंड आणि समोर पार भूगावापासून आलेली सगळी पिकली पानं. या कुंडातलं तीर्थ घेतलं की म्हातारपणी गेलेली आठवण परत येते, अशी ख्याती होती. गंमत म्हणजे ती थोडीफार खरी होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ही गंमत मला फारच झोंबत होती.

आमचे घरमालक गेणबा यांचंच घ्या. जमीन विकून त्यांनी भूगावात इमारत बांधली, तिच्यात मी भाड्याने राहतो. शेत गेलं आणि गेणबांच्या पायांना सुट्टी लागली. हौसेने चालायला निघाले तर कुणीतरी हटकायचं, "का वो गेणबा, पोरानं गाडी दिली न्हाई का?" त्यांचा मुलगा शेखर शरमेने अर्धा व्हायचा. मग देवळाला गाडी, दुकानाला गाडी, दाढी करायलाही गाडी. उरलेला दिवस फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत.

हळूहळू गेणबा विसरायला लागले. त्यांच्या बायकोचं, सगुणाबाईंचंही तेच. आमटीत दोनदा मीठ पडायचं. एक दिवस गेणबा स्वतःच्याच जुन्या भातखाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये हरवले. तेव्हापासून शेखर बाहेर जाताना दोघांच्या खोलीला बाहेरून कडी घालायचा. म्हातारा आतून दार वाजवत राहायचा. मला ते ऐकवत नसे.

अशात महाराज उगवले. पूर्वी ते महाळुंग्यात प्लॉटची दलाली करत. धंदा बसला, तसा साक्षात्कार झाला. टेकडीवर गाडी चढत नव्हती, म्हणून त्यांनी नियमच काढला, "रोज पायी, झपाझप, घाम फुटेपर्यंत चढायचं. घामाशिवाय तीर्थ मेंदूत शिरत नाही, बाळांनो. मेंदूला बहात्तर कुलपं आणि तीर्थ ही त्यांची किल्ली!"

देवाचा नेम म्हटल्यावर चालण्यातली लाज गेली. शेखर पायथ्याशी सोडायचा आणि दोघं चढायची. दिवाळीला सुरुवात केली, होळीपर्यंत गेणबांना नातवंडांची नावं आठवायला लागली आणि सगुणाबाईंच्या आमटीत मीठ एकदाच पडू लागलं. कडी निघाली.

शेखरने उपकार फेडायचे म्हणून काय करावं? थेट कुंडापर्यंत सिमेंटचा रस्ता करून दिला. महाराजांनीही नियम लगेच वाकवला, "गाडीत बसून नाम घेतलं तरी तेवढंच पुण्य." गेणबा गाडीतून तीर्थाला जाऊ लागले आणि गणपतीपर्यंत पुन्हा नातवंडांची नावं विसरले. पुन्हा कडी. महाराजांनी निदान केलं, "गोळ्यांची बाधा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद, तीर्थ दुप्पट."

शेखरने खरंच गोळ्या बंद केल्या. मी पिरंगुटच्या डॉक्टर जान्हवींना घरी आणलं. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "गोळ्या आजच सुरू करा. नाहीतर पक्षाघात कधी येईल, सांगता येत नाही."

शेखर ऐकेना. "मॅडम, माझा बाप तीर्थानं माणसात आला हुता. तुमच्या गोळ्यांनी न्हाई."

म्हणून त्या गुरुवारी डॉक्टर आणि मी टेकडीवर गेलो. महाराज रंगात आले होते. "बघा या सगुणामाउली! गावातल्या सगळ्या सुनांची माहेरं तोंडपाठ! तीर्थाचा महिमा!"

मी वाटच बघत होतो. उठून हात जोडले. "महाराज, माउली रोज किती तीर्थ घेतात, ते त्यांनाच विचारा की. लोकांना प्रमाण कळेल."

"सांग माउली, ओंजळभर?"

सगुणाबाईंनी पदर सावरला. "म्या कवाच न्हाई प्याले. कुंडात बेडकं हायेत. माझ्या वाटचं घरी नेऊन कढीपत्त्याला घालते."

ते झाड माझ्या खिडकीखालीच आहे. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मंग रोज वर कशाला येतीस, आये?" शेखरने विचारलं.

"ह्यास्नी एकट्याला कसं सोडू? ह्ये तुझ्या गाडीत. मला त्या वळणांवर गाडी लागती, म्हून मी आपली पायथ्यापासनं पायीच."

महाराज सावरले. "पतीच्या पुण्याचा अर्धा वाटा पत्नीला मिळतो!"

"मंग ह्यांचा अर्धा कुटं गेला?" सगुणाबाईंनी सरळ विचारलं. महाराजांना एकदम ध्यान लागलं.

डॉक्टर शेखरकडे वळल्या. "पाटात गाळ साचला की शेवटच्या खाचराला पाणी पोचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मेंदूलाही रक्त नळ्यांमधूनच जातं. रोज दम लागेल इतकं चाललं की हृदय जोमाने रक्त ढकलतं, नळ्या लवचिक राहतात आणि मेंदूलाही त्याचा फायदा होतो. रक्तदाब मोकाट सोडला की त्याच नळ्या खराब होतात. गुण चढाचा होता. तो चढ तुम्ही गाडीत घातलात."

शेखरने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, गोळी आत्ता दिली तर चालंल?"

रक्तदाब ताब्यात आल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तसे गेणबा पुन्हा पायी फिरू लागले, आता उरल्यासुरल्या शेतांच्या बांधांवरून, बायकोच्या बरोबरीने. दाराला कडी राहिली नाही. सगळं काही परत आलेलं नाही. मला ते अधूनमधून पोस्टमन समजतात आणि पत्र मागतात. विसरण्याचे सगळेच आजार चालण्याने बरे होत नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलंच होतं. पण गेणबा संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येतात आणि नातीला नावाने हाक मारतात.

तेव्हा मंडळी, कुणाच्या तीर्थाने, अंगाऱ्याने गुण आला असं ऐकलंत, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ते न घेताही कुणाला गुण आला का? आणि उत्तर देणारी बाई मागच्या रांगेत बसली असेल, तर तिला पुढे बोलवा.