आपल्या शब्दांत सांग

"व्हॉट इज द मीनिंग ऑफ ऑब्स्टिनेट?"

ताटात भाकरी पडते न पडते तोच लहूने पहिला प्रश्न टाकला. संघप्रियाने मान वर न करता उत्तर दिलं, "स्टबर्न."

"फ्रूगल?"

"केअरफुल विथ मनी."

"गुड. गॅर्युलस?"

"समवन हू टॉक्स टू मच."

उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त त्या घरात जास्त बोलण्याची आता कुणाची टाप उरली नव्हती. पुष्पलता हातात वांग्याच्या भाजीचा डाव घेऊन उभी होती. तिला लेकीला विचारायचं होतं, अजून वाढू का, आज अशी उदास का, शाळेत काही झालं का. पण यातलं इंग्रजीत तिला एवढंच येत होतं, "मोअर?" ते तिने विचारलं. संघप्रियाने नकारार्थी मान हलवली आणि ताट उचलून ती आत निघून गेली.

वाचकहो, हे घर बहारीनमधल्या गुदैबिया वस्तीतलं. खाली मल्याळी हॉटेल, शेजारी किराणा, वर दोन खोल्यांत लहू, पुष्पलता आणि बारावीतली संघप्रिया. माणसं मूळची वाशिमकडची. घरात वऱ्हाडी बोलण्याचा असा दणका असायचा की जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाही आज यांच्याकडे काय शिजलं आणि काय करपलं ते कळावं. पण गेल्या काही महिन्यांपासून घरात मराठीला बंदी होती. ज्याच्या तोंडातून मराठी शब्द निघेल, त्या दिवशीची भांडी त्याने घासायची, असा लहूचा कायदा! भांडी तशीही पुष्पलताच घासत होती, त्यामुळे शिक्षेला तिने भ्यायचं काही कारण नव्हतं. पण आपल्या बोलण्याने लेकीचं नुकसान होईल, ही धास्ती तिच्या मनात बसली आणि सगळ्यांत जास्त गप्प तीच झाली.

लहू काही दुष्ट माणूस नव्हता. अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेनच्या देखभालीचं काम करणारा हा माणूस हाताने वाघ होता, पण मीटिंगमध्ये त्याची शेळी व्हायची. एकदा क्रेन बंद पडली. बिघाड लहूने शोधला, दुरुस्तही केला, पण साहेबांनी कारण विचारलं तेव्हा "सर, ब्रेक... दॅट कॉइल..." यापुढे त्याची गाडी सरकेना. शेजारी बसलेल्या एका नव्या पोराने तेच चार इंग्रजी वाक्यांत सांगितलं आणि पुढे तोच सुपरवायझर झाला. तो सल लहूच्या मनातून कधी गेला नाही. आपल्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजची प्रवेश परीक्षा नोव्हेंबरात होती आणि तिच्यात अर्धा भार इंग्रजीवर होता.

त्यात कंपनीच्या बसमध्ये सोबत काम करणारा रुपेश भेटला. "घरात मराठी खलास कर," तो म्हणाला. "दिमाग इंग्लिशमध्ये चालला पाहिजे. रोज वर्ड्स पाठ करून घे. माझ्या पोराचं, प्रज्योतचं, इंग्लिश तसंच सुधारलं." झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. फ्रिजवर, आरशावर, बाथरूमच्या दारावरसुद्धा शब्दांच्या चिठ्ठ्या लागल्या. दात घासताना शब्द, जेवताना शब्द, झोपायच्या आधी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये शब्द. जुलैत वर्षावास सुरू झाला, तेव्हा लहूने आणखी एक हुकूम काढला. शुक्रवारच्या ग्रंथवाचनाला संघप्रियाने जायचं नाही.

बहारीनच्या जुलैत पावसाचा थेंब नसतो; असतो तो घामाचा धबधबा आणि समुद्रावरून येणारी चिकट वाफ. तरी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तिथली बौद्ध मंडळी वर्षावास नेमाने पाळतात. दर शुक्रवारी संध्याकाळी जागृतीताईंच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमायची. वंदना व्हायची, एका घरातलं कुणीतरी धम्मग्रंथातलं एक पान वाचायचं, आणि मग सगळ्यांना खीर. लहूच्या घराची पाळी आली की वाचायला बसायची ती संघप्रिया. इंग्रजी शाळेतली पोरगी खणखणीत मराठी वाचते म्हणून सगळ्यांना केवढं कौतुक! या वर्षी मात्र ते बंद झालं.

सप्टेंबरात प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. लहू शिफ्टवरून आला तेव्हा संघप्रिया पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. शब्दार्थांत तिला भरघोस गुण होते. उताऱ्यांच्या भागात मात्र धूळधाण उडाली होती.

"हाऊ कम?" लहूचा आवाज चढला. "सो मेनी वर्ड्स यू नो!"

"आय नो द वर्ड्स, बाबा!" संघप्रिया ताडकन उठली. तिचे डोळे लाल झाले होते. "आय नो एव्हरी सिंगल वर्ड. आय डोंट नो व्हॉट दे आर सेइंग! ओळ संपली की आधीची ओळ गेलेली असते. आय अ‍ॅम नॉट रायटिंग धिस एक्झाम. खलास."

मधल्या मराठी ओळीसाठी तिला टोकायचंही लहूला सुचलं नाही. परीक्षेलाच बसणार नाही? मग एवढा आटापिटा कशासाठी केला? त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, बसमध्ये, क्रेनच्या शिडीवर, जिथे जाईल तिथे ते वाक्य त्याच्या मागे लागलं. हातातला पाना दोनदा निसटला. सोबतचा यासीन म्हणाला, "भाई, आज तबियत ठीक नहीं क्या? नीचे बैठो." लहू खाली बसला, पाणी प्यायला, पुन्हा उठला. त्याला कुठेच चैन पडेना. पोरीच्या भल्यासाठीच सगळं केलं ना मी? मग ती माझ्याकडे अशी परक्यासारखी का पाहते?

शुक्रवारी पुष्पलताने पांढरं लुगडं नेसलं आणि कायदा सरळ मोडला. "आज आपल्या घराची पाळी हाय. पोरीले धाडत नाई त नोका धाडू. पन घर खाली ठेवाचं नाई. तुमी चला."

लहू तिच्यासोबत गेला. मनात बेत असा, की पान भराभर वाचून टाकायचं, यंदा पोरगी येणार नाही हे जागृतीताईंना सांगायचं, आणि घरी येऊन तिची समजूत घालायची. जागृतीताई मूळच्या परळच्या, एका विमा कंपनीत ऑफिस सांभाळणाऱ्या, पन्नाशीच्या बाई. बोलणं मऊ, पण एखादी गोष्ट पटली नाही तर समोर कोण आहे ते बघायच्या नाहीत.

"जय भीम, लहूभाऊ. प्रिया नाही आली?"

"अभ्यास हाय ताई. मीच वाचतो आज."

वंदना झाली. लहूने ग्रंथ उघडला आणि सुटला. एकही अक्षर अडलं नाही. पान संपलं तेव्हा त्याला बरंच वाटलं. तो उठू लागला तर ताई म्हणाल्या, "अहो, बसा. रीत विसरलात का? आता ग्रंथ मिटा, आणि काय वाचलंत ते आपल्या शब्दांत सांगा."

ती रीत लहूला ठाऊक होती. वाचणाऱ्याने पुस्तक मिटून सांगायचं, ऐकणाऱ्यांपैकी कुणीही विचारायचं, "कशावरून?", मग पुन्हा पान उघडून ती ओळ दाखवायची. लहू इतकी वर्षं मागे बसून हे ऐकत आला होता, आणि त्यातही निम्मा वेळ फोन बघत. आता तो बोलायला गेला आणि डोकं कोरं! उपदेश होता, गावकरी होते, एवढं आठवत होतं. पण कशाबद्दल? त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"वाचलं तर सगळं मी," तो पुटपुटला. "शब्द सारे माहीत हायत. पण..."

आणि तो थबकला. हेच तर पोरगी ओरडून सांगत होती!

"ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, याबद्दलचं पान होतं ते," ताई शांतपणे म्हणाल्या. "आता खरं सांगा, प्रिया का येत नाही?"

मग लहूने सगळं ओकून टाकलं. रुपेश, चिठ्ठ्या, मराठीची बंदी, सराव परीक्षा, पोरीचं बोलणं. ऐकता ऐकता ताईंच्या कपाळावर आठी चढत गेली.

"लहूभाऊ, परीक्षेत उताऱ्याखाली काय विचारतात ते कधी पाहिलंत? लेखकाला काय म्हणायचंय, आणि ते कशावरून म्हणता? प्रिया हे या हॉलमध्ये लहानपणापासून करत आली आहे. ते तुम्ही बंद केलंत आणि तिच्या हातात नुसते शब्द दिलेत!"

"पण ताई, हे मराठी. परीक्षा त इंग्रजीत हाय."

"मग इंग्रजीत वाचू दे आणि मराठीत सांगू दे. आईला सांगू दे! मी इंग्रजी नको म्हणत नाही. इंग्रजी हवंच, आपल्या पोरांना ते इतरांपेक्षा जास्त हवं. पण घोकलेला शब्द परीक्षेच्या दारापर्यंत येतो आणि पळून जातो. तो चार वाक्यांत भेटावा लागतो, कुणाला तरी समजावून सांगावा लागतो, मग तो आपला होतो. आणि समजावायचं तर घरात बोलायला नको?" त्यांनी मिटलेल्या ग्रंथावर हात ठेवला. "आपल्या आज्या-पणज्यांना वाचायला बंदी होती, भाऊ. ती दुसऱ्यांनी घातली होती. तुमच्या घरातली बंदी कुणी घातली?"

केवढा हा घाव! खिरीची वाटी लहूच्या हातात तशीच राहिली. त्याने पुष्पलताकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. किती महिन्यांत आपण हिचा धड आवाज ऐकला नाही, हे त्याला तेव्हा उमगलं आणि त्याचा जीव कळवळला.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा आरशावरच्या चिठ्ठ्या काढल्या, मग फ्रिजवरच्या. संघप्रिया दारात उभी राहून पाहत होती.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"मराठीत विचार," लहू म्हणाला. "नाई त भांडी घासा लागतीन तुले."

ती हसली नाही. एवढ्यात हसावं असं काही घडलंही नव्हतं. लहूने तिच्या सराव पुस्तकातला एक उतारा काढून पुढे ठेवला. "हा वाच. मंग पुस्तक मीट, आन् तुह्या मायले सांग."

"आईला? शी वोंट..."

"नाई समजलं त विचारीन ना मी," पुष्पलता मांडी घालून बसलीच. "सांग त खरं."

उतारा कावळ्यांवर होता. संघप्रियाने वाचला, पुस्तक मिटलं आणि अडखळत सुरुवात केली. "एक सायंटिस्ट आहे. तो म्हणतो, कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. आणि लेखकाला ते पटलंय."

"आता हे त्याले नवं समजलं का बाप्पा? आमच्या आंगनातला कावळा मले बरोबर ओळखे," पुष्पलता म्हणाली. "पन लेखकाले पटलं, हे कशावरून?"

"म्हणजे... तो त्याची स्तुती करतो ना."

"कुठी करते? दाखव."

संघप्रियाने पुस्तक उघडलं. वरच्या परिच्छेदात स्तुती होती खरी. पण बोट खाली सरकत गेलं तशी तिची भुवई वर चढली. शेवटाकडे लेखकाने चक्क पवित्रा बदलला होता! प्रयोग थोड्याच कावळ्यांवर झाला, तेव्हा एवढ्यात कुणी नाचू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

"आई! तो नाही म्हणतोय! त्याला पटलेलंच नाही!" ती जवळजवळ किंचाळली. "टेस्टमध्ये मी हेच चुकवलं होतं!"

"बरं झालं. पन मले त्या लेखकाचं पटलं नाई," पुष्पलता ठसक्यात म्हणाली, आणि मायलेकी कावळ्यांवरून अशा काही भांडायला लागल्या की खालच्या हॉटेलातला पोऱ्या वर डोकावून गेला असेल. त्या भांडणात 'स्केप्टिकल', म्हणजे सहजासहजी विश्वास न ठेवणारा, हा शब्द संघप्रियाने आईला तीन वेळा समजावून सांगितला. त्याची चिठ्ठी कित्येक दिवस आरशावर लटकत होती, पण तिचा झाला तो त्या संध्याकाळी.

लहू बाजूला बसून ऐकत होता. मायलेकींचं भांडण जरा निवल्यावर तो हळूच म्हणाला, "माहं चुकलं वं, पुष्पा."

पुष्पलता वळली. "चुकलं म्हनता. पन काय चुकलं? आपल्या शब्दांत सांगा."

संघप्रिया गालात हसली. मीटिंगमध्ये अडखळायचा तसाच लहू अडखळला, पण या वेळी थांबला नाही. "मले वाटलं, तुमची एक भाषा मी काढून घेतली त दुसरी आपोआप येईन. मी शब्द मोजत बसलो, समजलं का ते कधी पुसलंच नाई. आन् माह्या भितीपायी मी तुमाले मुकं केलं."

पुष्पलताने उठून त्याला पाणी दिलं.

नोव्हेंबरात संघप्रिया परीक्षेला बसली. ती काही पहिली आली नाही. यादीच्या खालच्या टोकाला का होईना, पुण्याच्या त्या कॉलेजात तिचं नाव लागलं, आणि सर्वाधिक गुण होते ते उताऱ्यांच्या भागात. नसतं लागलं, तरी लहूचं घर बोलतं झालं होतं, हे मी आधी सांगेन. पालकहो, मुलांना इंग्रजी जरूर शिकवा, उत्तम शिकवा! पण एका भाषेला उपाशी ठेवून दुसरी धष्टपुष्ट होत नाही. आपली मुलं काय वाचतात ते रोज त्यांच्या तोंडून ऐका, मनापासून ऐका, आणि समजलं नाही तर न लाजता विचारा. घरात ज्याला ऐकणारं कुणी असतं, तेच मूल बाहेर जगाचं म्हणणं समजून घ्यायला शिकतं.