तांब्यावाचूनचा फ्लास्क

एस्तेरच्या पदरात यातून काय पडणार होतं? पीएचडीच्या प्रबंधाचं अडलेलं चौथं प्रकरण, शोधनिबंधावर पहिलं नाव, आणि केडगावच्या चर्चबाहेर "तुझं अजून चालूच आहे का गं?" असं दर रविवारी विचारणाऱ्या मावश्यांची तोंडं बंद. तिसरी गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण वजन तिलाच जास्त होतं.

नगरच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा राधाकृष्ण सरांची, आणि सर तांब्याचे. दोन रेणूंकडून एकेक हायड्रोजन काढून घ्यायचा आणि मोकळी झालेली टोकं एकमेकांना जोडायची. हायड्रोजन ओढायला परसल्फेट, जुळवून द्यायला चिमूटभर तांब्याचा क्षार. त्यावाचून जमत नाही, असं सर पंधरा वर्षं शिकवत आले होते. एस्तेरही तसंच करी, आणि शंभरातले बासष्ट भाग हाती येत. एका सोमवारी मात्र तिच्या हाती आले चौऱ्याहत्तर. ती खूश होऊन आवराआवर करायला गेली, तर वजन करून ठेवलेली तांब्याची पुडी काट्यापाशी तशीच.

सरांनी वही पाहिली. "तांब्याशिवाय? अगं, इथल्या भिंतींना तांबं लागलंय. शिरलं असणार कुठून तरी."

"कुठून, सर?"

"ते तू शोध. शनिवारी सगळ्यांसमोर दाखव. नाहीतर हे पान विसर आणि प्रकरण माझ्या पद्धतीनं लिही."

बुधवारी ती काचसामान धुण्याच्या मोरीपाशी गेली. वीस वर्षं तिथे असलेले बन्सीमामा धुतलेले फ्लास्क शेवटच्या पाण्यातून काढत होते. ते पाणी एका लखलखीत तांब्याच्या घंगाळात होतं.

"मामा, हे कुठून आलं?"

"घरून आनलंय. टब फुटला दिवाळीला. मागनी केली, कोन ऐकतंय?"

"पण तांब्याचं?"

"मंग? डिस्टिल पानी हाय ते. इतकं चोख पानी पलास्टिकात ठिवायचं व्हय? आमच्या घरी समदे तांब्यातलंच पित्यात. लई शुद्ध."

म्हणजे सरांचं खरं होतं. एस्तेरला ते घंगाळ गुपचूप उचलून माळ्यावर टाकावंसं वाटलं. मग तिनं नवेकोरे फ्लास्क काढले, ढवळायचे चुंबक पाकिटातले, पाणी सीलबंद बाटलीतलं.

"म्या हात बी लावनार न्हाई," मामा फुगून म्हणाले.

"एकाला लावा. तुम्ही धुतलेलाही पाहिजे मला."

गुरुवारी तीन फ्लास्क एकदमच तापायला ठेवले: पहिला नवा, तांब्यावाचून; दुसरा मामांनी धुतलेला, वरून तांबं न घातलेला; आणि तिसरा नवा, सरांच्या पद्धतीनं तांबं घालून. सर म्हणतात ते खरं असतं, तर पहिल्यात काहीच घडायला नको होतं. त्यात त्र्याऐंशी निघाले. मामांनी धुतलेल्यात चौऱ्याहत्तर, सरांच्या पद्धतीच्यात बासष्ट. शुक्रवारी पुन्हा केलं. आकडे जागचे हलले नाहीत.

शनिवारी सरांनी फळ्यावरचे ते तीन आकडे बोट ठेवून वरून खाली वाचले, मग खालून वर.

"तांबं वाढलं की उत्पन्न घटतं."

"हो, सर. जोडून तयार झालेला रेणू तांबंच पुन्हा जाळतंय. जोडणी परसल्फेट एकटंच करतं."

"नवा फ्लास्क आण. मी करतो."

सरांना चौऱ्याऐंशी आले. चष्मा पुसत ते म्हणाले, "पहिलं नाव तुझं. आभारात बन्सीला घे, मधला आकडा त्याचा आहे."

"माजं कशाला, घंगाळाचं घाला," मोरीवरून उत्तर आलं.

आता किंमत कुणी मोजली ते पाहू. एस्तेरचा एक आठवडा गेला आणि दोन रात्रींची झोप. मामांना घंगाळ घरी न्यावं लागलं, टबासाठी तिसऱ्यांदा अर्ज लिहावा लागला. मोठी रक्कम सरांच्या नावावर पडली. पुढच्या तीन वर्षांच्या प्रकल्पाचा प्रस्ताव टाइप होऊन तयार होता. त्याच्या मथळ्यातला 'ताम्र' हा शब्द त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडला, आतली चौदा पानं फाडली, आणि त्याच पेनानं एस्तेरच्या चौथ्या प्रकरणावर सही केली.